कुमुदने धरलेली जागा

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉव्हेंट्रीच्या माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. "निर्मलाताई, कुमुद गेली," एवढंच तिचे यजमान, डॉक्टर, ग्लासगोहून बोलले. आजार कळला तेव्हाच शेवट कळला होता, तरी कणकेच्या हातांनी मी किती वेळ तशीच बसून होते कोण जाणे. आमची मैत्री पुण्यातल्या कॉलेजपासूनची. दोघीही लग्न करून या देशात आलो. ती डॉक्टरांची बायको म्हणून स्कॉटलंडला, मी इंजिनिअरची म्हणून मिडलंड्सला. ती फटकळ, मी तिच्याहून फटकळ, म्हणूनच बहुधा इतकी वर्षं टिकलं.

मंडळाचे लोक तिच्या दिवाळीच्या फराळाबद्दल बोलतात, बोलू देत. मला मात्र फिरून फिरून एकच दिवस आठवतो. माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला डॉक्टरांच्या आणि स्वतःच्या सोबत बळेच क्रूझवर नेलं. घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस का, असं फोनवर खडसावून माझं तिकीटही स्वतःच काढून मोकळी झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं, तिथून पुढे नॉर्वे. बोटीवरचं जेवण सपक असणार म्हणून तिनं पिशवीभर चिवडा आणि लसणाची चटणी घेतली होती. झुंबराखालच्या त्या डायनिंग रूममध्ये ती खुशाल चटणीचा डबा उघडायची आणि डॉक्टर मेनूकार्डात तोंड लपवायचे. पण बोट त्यांतल्या ऑर्कनी बेटाला लागायच्या आदल्या संध्याकाळपासून तिचं बोलणंच बंद झालं.

का, ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर डॉक्टरांची पहिली नोकरी त्याच बेटावर होती. तिथंच कुमुदला मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत गेला. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आईला सोबत नेत नाहीत आणि वर दगडही ठेवत नाहीत. डॉक्टरांनी परक्या मुलखातही आपली रीत पाळली. सगळं नीट झालं, एवढंच त्यांनी तिला सांगितलं. कुठे, असं तिनं विचारलं की म्हणायचे, आठवत नाही. पुढे त्यांना मूल झालं नाही, आणि तिचं विचारणंही कधी संपलं नाही.

त्या दिवशी बेटावरच्या सहलीची आमची तिघांची तिकिटं काढलेली होती. सकाळी डॉक्टर म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही दोघी जाऊन या. कुमुद बुटांच्या नाड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आज तरी सांगा." डॉक्टर टोस्टला लोणी लावत राहिले. "खरंच आठवत नाही गं..." त्यांचा तो थंडपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहलीच्या बसमध्ये आम्हाला कोटावर चिकटवायला नंबराचे स्टिकर दिले. भणाणत्या वाऱ्यात गाईड हजारो वर्षांपूर्वीच्या उभ्या दगडांची माहिती सांगत होती, सगळे फोटो काढत होते आणि कुमुद दगडांकडे पाठ करून उभी होती. दुपारी बस जेवणासाठी डॉक्टरांच्या जुन्या हॉस्पिटलच्या गावात थांबली तेव्हा आम्ही दोघी सटकलो.

तिथली दफनभूमी समुद्रावरच्या उतारावर होती. नावांचे दगड ओळीनं, आणि कडेच्या भिंतीलगत नुसतं गवत. बाळ असेल तर त्या गवतात. पण ते गवत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. मी म्हटलं, इथल्या कौन्सिलला विचारू या, त्यांच्याकडे नोंद असेल. ती फणकारली. "कौन्सिलला का विचारू, निमे? बापाला माहीत आहे ना? सांगेल कधीतरी." मग ती भिंतीकडेनं सावकाश चालत गेली, एका ठिकाणी थांबली आणि ओल्या गवतात बसली. "तोवर हीच जागा धरू या," म्हणाली. मेथी निवडावी तसं तिथलं रानगवत ती नखांनी खुडत राहिली. रडली नाही. बोटीवर परतल्यावर डॉक्टरांनी काय काय पाहिलं ते विचारलं. "मोठमोठे दगड," एवढं सांगून तिनं त्यांच्या ताटात चटणी वाढली. त्या दिवसापासून मी त्या माणसाशी कामापुरतंच बोलत आले.

गेल्या महिन्यात तेराव्याला ग्लासगोला गेले होते. माणसं पांगल्यावर डॉक्टर कप विसळायला उभे राहिले. तिच्याच घरात त्यांचा तोच थंडपणा बघून मला राग आवरला नाही. ऑर्कनीचा तो सगळा दिवस मी त्यांच्या तोंडावर बोलून टाकला... ते गवत, ती भिंत, तिनं धरलेली जागा. बाळ कुठे आहे एवढं सांगायला तुमचं काय जात होतं, असंही विचारलं. त्यांनी नळ बंद केला.

"मी गेलोच नव्हतो," ते म्हणाले. "उचलून न्यायची हिंमत झाली नाही. हॉस्पिटलच्या माणसाच्या हातात दिलं आणि वॉर्डात परत गेलो. कुठं पुरलं, ते विचारलंसुद्धा नाही."

शेवटच्या आठवड्यातही तिनं विचारलं होतं, आणि तेव्हाही ते आठवत नाही म्हणाले. असू दे, तुम्हाला माहीत आहे ना, तेवढं पुरे, असं म्हणून तिनं डोळे मिटले होते. हेही त्यांनीच सांगितलं, पण मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही. मग त्यांनी विचारलं, "ती बसली होती ती जागा दाखवाल? अस्थी तिथं न्यायच्या म्हणतो."

ती जागा मला सहज सापडेल. तिथं तिचं बाळ आहे की नाही, हे कौन्सिलच्या एखाद्या जुन्या नोंदीखेरीज आता जगात कुणी सांगावं? कुमुद तिथं बसली होती, हे मात्र खरं आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे. डॉक्टरांचा दर रविवारी फोन येतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.