अर्धा फेरा

छातीवर पहिलं पदक लागलं तेव्हा साहेब सव्वीस वर्षांचे होते. पुढे आणखी दोन लागली, पण लोक विचारायचे ते पहिल्याबद्दलच. नेमकं तेच साहेबांना नकोसं होतं.

शिंप्याचा मुलगा. वडील म्हणायचे, "शेवटची गाठ मारली नाही, तर आधीचे सगळे टाके फुकट." नौदलात इंजिनरूमचे अधिकारी म्हणून लागले तेव्हा पुस्तकातलं सगळं पाठ होतं, हातात मात्र काही नव्हतं. हातातलं दिलं मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे जहाजावरचे जुने फिटर. बुटके, फटकळ, कामाला वाघ.

"व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की चाक अर्धा फेरा मागे आणायचं," मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं. "उघडा असताना आवळून ठेवला, तर पुढचा माणूस बंद करायला जातो आणि चाक हलत नाही. त्याला वाटतं, बंदच आहे. अंधारात माणूस फसतो, साहेब."

"कळलं."

"नुसतं कळून भागत नाही. हाताला सवय लागली पाहिजे."

वर्षभराने तपासणी होती. वरचे अधिकारी यायचे होते. समुद्राचं पाणी आत घेणारा मोठा व्हॉल्व्ह साहेबांनी स्वतः उघडला. चाक शेवटपर्यंत आवळलं. तेवढ्यात वरून हाक आली. हात पुसत ते शिडी चढले. अर्धा फेरा राहून गेला.

तिसऱ्या दिवशी त्या व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप फुटला. दिवे गेले. मिस्त्रींनी चाचपडत चाक धरलं, जोर लावला. हललं नाही. बंद आहे म्हणून ते दुसरीकडे गळती शोधत फिरले. पाणी कमरेपर्यंत आलं आणि एका लोंढ्याने त्यांना शिडीवर आपटलं. मग साहेब खाली उतरले. चाकाला हात लावला आणि त्याच क्षणी त्यांना सगळं उमगलं. पाना अडकवून, सगळं अंग टाकून त्यांनी चाक सोडवलं, व्हॉल्व्ह बंद केला आणि बेशुद्ध मिस्त्रींना खांद्यावर घालून वर आणलं.

चौकशीत मिस्त्री एकच सांगत राहिले, "माझ्या हाताला तो बंद लागला." ऐकणारे एकमेकांकडे बघून हसले. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मिठाची गुळणी धरली.

साहेबांना पदक मिळालं. मिस्त्रींना हलगर्जीपणाचा शेरा मिळाला आणि स्टोअरमध्ये बदली. निवृत्त होईपर्यंत सतरा वर्षं त्यांनी साबण, दोर आणि रंगाचे डबे वाटले. साहेब चढत गेले. सगळ्या ताफ्याच्या इंजिनांची जबाबदारी आली, मग शाळाशाळांतून भाषणं. शौर्यावर बोलताना त्यांची नजर मुलांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीवर असायची.

आणि दरवर्षी त्या तारखेला, सकाळी दहाला, इस्त्रीचा शर्ट घालून मिस्त्री साहेबांच्या घरी यायचे. "साहेब, तुमच्यामुळे हे दिवस दिसले," म्हणायचे. चहा संपेपर्यंत साहेब त्यांच्याकडे न बघता कपात बघायचे.

यंदा मिस्त्रींनी चहाला हात लावला नाही.

"एक विचारू? चाळीस वर्षं डोक्यात घोळतंय. हा हात कधी खोटं बोलला नाही. त्याच दिवशी कसा बोलला?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "नाही बोलला, मिस्त्री. तो व्हॉल्व्ह मी उघडला होता. अर्धा फेरा मागे आणला नाही."

मिस्त्रींनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. "मीच शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग शिकवण्यात कुठे कमी पडलो?"

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं, असं साहेबांना झालं. "तुम्ही नाही. मी कमी पडलो."

"कधी कळलं?"

"चाकाला हात लावला तेव्हाच."

"म्हणजे चौकशीच्या आधी."

"हो."

मिस्त्री उठले. "पाण्यात उतरलात ते काम खरं. त्याचं पदक तुमचंच. पण हे मला एकट्याला सांगून काय उपयोग? घरी चला. माझ्यामागून आजही बायको गॅस बंद आहे का बघून येते. पाहुण्यांसमोर म्हणते, 'यांनी जहाज बुडवलं असतं.' सगळे हसतात. मीही हसतो."

दोन जिने चढून साहेब मिस्त्रींच्या घरी गेले. बाई खिडकीपाशी भाजी निवडत होत्या. "अगोबाई, साहेब! आज उलटी गंगा?"

"वहिनी, चूक माझी होती," साहेब दारातूनच म्हणाले. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. तपासणी, वरून आलेली हाक, आवळलेलं चाक, चौकशी. स्वतःची बाजू घेणारा एकही शब्द त्यांनी मध्ये येऊ दिला नाही.

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चहा टाकतो," म्हणत मिस्त्री आत गेले. आधण उकळल्याचा आवाज आला, मग गॅसचं बटण फिरवल्याचा. बाई सवयीने अर्ध्या उठल्या आणि परत खाली बसल्या.

साहेब दारातच उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि आपणहून बसायची त्यांची हिंमत नव्हती.