किडनीसोबत आलेला पाहुणा

जूनचा पहिला रविवार, सकाळ. करमाडच्या घरी हजर: माझा धाकटा भाऊ अशोक, त्याची बायको सुनंदा, आमचे दामूमामा आणि मी. अशोक नेहमीसारखा खिडकीच्या आत, मामा बाहेर अंगणात खुर्चीवर. त्याच संध्याकाळी अशोकला ताप भरला. शहरात दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला आणि त्याच आठवड्यात तो गेला. आता दीड महिना होईल.

अशोक शेंद्र्याला कंपनीत फिटर होता. काही वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मी तपासण्यांची यादी करत बसले होते. सुनंदानं दोन शब्दांत विषय संपवला... "माझी घ्या." जुळली, ऑपरेशन झालं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायचं म्हणजे पलंगावर टेकून, हात हातात घेऊन. डॉक्टरांनी तर, याला कुणाचाही संसर्ग लगेच होईल, घरात गर्दी नको म्हणून बजावलेलं. मी दारावर ‘भेटायला येऊ नये’ अशी पाटी लावायला निघाले. अशोकनं लावू दिली नाही. अंगणात खुर्च्या मांडायला सांगितल्या आणि स्वतः खिडकीत बसला. मामा चिडले, "लांबूनच बघायचं, तर तू काय पिंजऱ्यातला वाघ हाय का?"

"व्हय मामा. पण चहा पिल्याशिवाय जाऊ देत नाय हा वाघ."

पुढच्या वर्षी तपासणीत विषाणू सापडला. डॉक्टरांनी समजावलं, हा बऱ्याच जणांच्या अंगात गपचूप पडून असतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, तेव्हा तो डोकं वर काढतो आणि तीच किडनी पोखरतो. औषधं कमी करावीत, तर शरीर किडनीवर उलटण्याची भीती. सुनंदानं एवढंच विचारलं, "माझ्या किडनीतून आला का?" डॉक्टर म्हणाले, असू शकेल, अशोकच्या अंगातही आधीपासून असेल, नक्की सांगता येत नाही, आणि दोष कुणाचाच नाही. तिनं पहिले दोन शब्द तेवढे ऐकले. परतताना गाडीत अशोकच म्हणाला, "किडनी तुझ्याकडची. तिच्यामागं माहेरचा पाहुणा यायचाच की."

"माझ्या माहेरचे लगेच जातेत," ती डोळे पुसत म्हणाली, "मुक्काम ठोकतेत ते तुमच्याकडचे."

औषधं कमी केली, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, विषाणू हळूहळू हटला. किडनी थोडी अधू झाली, पण तिच्याच जोरावर तो कामावर परतला. तरी गावात कुजबुज होतीच, बायकोची किडनी त्याला मानवली नाही म्हणून. एकदा अंगण भरलेलं असताना अशोक खिडकीतून मोठ्यानं बोलला, "ही किडनी नसती तर मी तुमच्यासमोर नसतो. ज्याला शंका हाय त्यानं मला विचारायचं, हिला नाय." भाऊ म्हणून त्याचा अभिमान मला नेहमीच होता, त्या दिवशी माणूस म्हणून वाटला. दहाव्याला एक बाई पुन्हा तेच पुटपुटली, तर मामाच उठले, "अशोकनं सांगितलंय ना? मग झालं."

एक काम राहिलं आहे. किडनी देणाऱ्याचीही दर वर्षी तपासणी करायची असते. अशोक ती कधी चुकू देत नसे. स्वतःच्या आधी सुनंदाचा नंबर लावायचा. यंदाची झालेली नाही. मी दोनदा वेळ घेतली. एकदा तिला गहू निवडायचे होते, एकदा पाणी यायचं होतं. मग खरं बोलली, "माझं काय बघायचंय आता, ताई?"

येत्या गुरुवारची वेळ घेतली आहे. ती अजून हो म्हणालेली नाही.