वाळवीनं खाल्लेलं पान

आमच्या वाचनालयात एक जुनी वही आहे. इंग्रजांनी बंदी घातलेली एक बंगाली बंडाची कादंबरी त्या काळी लोकांनी मराठीत चोरून उतरवून घेतलेली. दर दोन-चार पानांनी अक्षर बदलतं. काल ग्रंथपाल सुमनताई तिचं वाळवीनं खाल्लेलं शेवटचं पान शाईच्या पेनानं पुन्हा लिहीत होत्या.

"कशाला हा उद्योग? आता छापील मिळते की!" मी म्हटलं.

"त्यातूनच बघून लिहितेय. पण त्या लोकांनी जिवावर उदार होऊन लिहिलेली वही अपुरी कशी ठेवू?"

त्या कादंबरीच्या लेखकाचं घर म्हणे एकदा जळालं, लिहिलेलं राख झालं. तो पुन्हा लिहायला बसला. मिटवणारे कधीतरी दमतात. लिहिणारे हात मात्र बदलत राहतात.

सुमनताईंनी वही माझ्यापुढे सरकवली. "शाई वाळली की घरी न्या. आता लपवायला नको."