डुकरांसाठी आणलेली दुर्बीण

आमच्या बाबांना अंधार पडला की धड दिसत नाही, आणि अंधार पडला की ते बंदूक घेऊन शेतात जातात. आता यावर मुलीनं काय करावं, सांगा!

नांदगाव खंडेश्वरकडे आमचं हरभऱ्याचं शेत आहे. बांधाभोवती आईच्या जुन्या साड्या बांधून झाल्या, फटाके फोडून झाले, दुनळीचे हवेत बार काढून झाले. रानडुकरं आता बारालाही भीत नाहीत. शेवटी वनखात्यानं डुक्कर मारायचा परवाना दिला आणि मला डुकरांपेक्षा बाबांचीच जास्त भीती वाटायला लागली. कारण मागच्या हिवाळ्यात बाबांनी बंदूक रोखली, तेव्हा समोरून शेजारचे काका ओरडले होते, "अरे दादा, मी हाओ मी!"

"जागलीला जाऊ नका," असं मी अकोल्याहून रोज फोनवर सांगायची. "मंग डुकरायले हरभरा ताटात वाढून देऊ का?" हे त्यांचं रोजचं उत्तर. हट्टी माणूस! मग मी ठरवलं, की निदान गोळी सुटायच्या आधी समोर कोण आहे ते तरी कळावं. अंगाची ऊब टिपणारी थर्मल दुर्बीण मिळते असं ऐकलं होतं. बाबांना घेऊन अमरावती गाठली.

बंदुकीवर बसवायची दुर्बीण होती, पण आमच्या जुन्या दुनळीच्या धक्क्यानं ती टिकणार नाही, असं दुकानदारच म्हणाला. मग हातात धरायची काढली. "हजार मीटरवरचं जनावर दिसते, मॅडम."

"दिसतं म्हणजे काय दिसतं? डुक्कर की माणूस, ते कळतं का?"

"जवळ आलं की कळते."

"किती जवळ?"

त्यावर त्यानं चहा मागवला. असा राग आला मला! पण बाबा दारात उभे राहून रस्त्याकडे दुर्बिणीतून पाहत होते. "बाप्पा! टपरीवरची किटली पाह्य कशी पेटली! कुत्रं पाह्य, पांढरंफक!" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. घेतली.

त्याच दिवशी दिवस बुडताना शेतात गेलो. आई विहिरीकडे वळली, आम्ही दोघं राखणीच्या माळ्यावर चढलो. काळी जमीन दिवसभर तापलेली, त्यामुळे दुर्बिणीत बांधाचे दगडसुद्धा उजळ दिसत होते. बाबा एकेक दगड निरखत होते. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला.

"आलं. एकलंच हाय. पाह्य बरं."

मी पाहिलं. बांधापाशी बुटकं, रुंद काहीतरी होतं. मान खाली घालून हरभऱ्यात तोंड खुपसलेलं, थोडं थोडं पुढं सरकणारं. पाठ अंधुक, तोंडाकडचा भाग तेवढा पांढरा. माझे डोळे चांगले आहेत हो, चष्मासुद्धा नाही मला.

"डुक्करच आहे बाबा," मी म्हणाले.

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. मी दुर्बिणीतून पाहतच होते, आणि ते डुक्कर दोन पायांवर उभं राहिलं. त्यानं कमरेवर हात ठेवला.

"भाजी झाली खुडून! चाला आता घरी, थंडी वाजून राह्यली!"

आई होती. थंडी म्हणून घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन, उकिडवी बसून हरभऱ्याची कोवळी पानं खुडत होती.

बाबांनी बंदूक खाली घेतली. काडतुसं मी काढली. "तुले बी डुक्करच दिसलं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांना माझ्या डोळ्यांचा तरी आधार होता, तोही गेला. तिकडे दूर नाल्याच्या अंगाला खरी डुकरं हरभऱ्यात शिरत होती, त्यांची गुरगुर ऐकू येत होती. आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.

घरी आईनं लसणाची फोडणी देऊन भाजी केली, गरम भाकरी वाढली. बाबांचा घास हातातच.

"कावून जेवत नाई? मीठ कमी पडलं का?" आईनं विचारलं. "अन् त्या यंत्रात काय दिसलं, ते तं सांगा."

बाबा ताटाकडेच पाहत म्हणाले, "तू दिसली."

आई पदर तोंडाला लावून हसली. "अगं माय! एवढं यंत्र आणलं अन् मलेच पाह्यत बसले!" म्हणाली, आणि त्यांच्या भाकरीवर तुपाची जास्तीची धार सोडली.