बसत नसलेला त्रिकोण

जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेले दोन त्रिकोण लेकीने माझ्यासमोर टाकले. "एकावर एक बसवून दाखव." भूमितीचा गृहपाठ. सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यामुळे ती बोलली हेच खूप.

तिन्ही बाजू पट्टीने मोजल्या, जोडीजोडीने सारख्या भरल्या. तरी वरचा त्रिकोण खालच्यावर बसेना. मी तो गोल गोल फिरवत राहिले. कुठलं ना कुठलं टोक बाहेर यायचंच. दिवसभर डोक्यातही हेच चाललं होतं. सकाळचं भांडण किती फिरवून पाहिलं, दर वेळी बरोबर मीच.

"आई, नुसती फिरवतेस काय? उलटा कर की!"

"अगं, वर गणपती छापलाय. त्याला पालथा कसा घालू?"

ती हसली नाही. "तिन्ही बाजू सारख्या आहेत ना? मग त्रिकोण एकरूपच. तुला पटो न पटो."

तिने तो उचलला, उलटला, ठेवला. नेमका बसला.

ती सिद्धता लिहू लागली. माझ्यासमोर आता पत्रिकेची कोरी बाजू होती. सकाळी ती नक्की काय म्हणाली होती, ते आठवायला गेले, तर मला फक्त माझीच वाक्यं आठवत होती.