सक्त तंबी

बोरीच्या पुढच्या एका गावात, खाजगी संस्थेच्या शाळेत मी शिक्षणसेवक होते. कायम झाल्याचा आदेश अजून यायचा होता. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष येणार म्हणून मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, वर्गाबाहेर एक पोर दिसता कामा नये.

मी सातवीला गणित शिकवत होते. जमिनीखालून गडगड आली. वाटलं, ट्रॅक्टर असेल. मग फळा भिंतीवर आपटला, पत्र्याखालून माती गळाली आणि पायाखालची फरशी थरथरली. आमच्या भागात अधूनमधून असे धक्के बसतात, पण पोरं समोर असताना पहिल्यांदाच. मी "बाहेर पळा" एवढंच म्हणाले. पोरं पळाली, ते पाहून शेजारचे वर्गही पळाले. दारात एका मुलीचा हात मुरगळला.

अध्यक्ष तेव्हा नुकते गाडीतून उतरत होते. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दिसली ती फक्त मैदानभर ओरडणारी पोरं.

"मॅडम, कुणाला विचारून वर्ग सोडला?" मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"सर, हादरा बसला."

"आम्हाला तर काही कळलं नाही."

त्याच आठवड्यात शिपायाने कागद आणून दिला. विद्यार्थ्यांत घबराट पसरवल्याबद्दल आपणास सक्त तंबी देण्यात येत आहे. पुन्हा असे घडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

वडील तहसीलमध्ये शिपाई होते, आता निवृत्त. रात्री जेवताना त्यांना कागदाबद्दल सांगितलं, तर काय घडलं ते त्यांनी विचारलंच नाही. "शिक्का हाय का त्याच्यावर?" म्हणाले.

"हाय."

त्यांनी ताट बाजूला सारलं. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांना चावडीवर तंबी मिळाली होती. कशाबद्दल, ते घरात कुणालाच माहीत नाही. आजोबा पुढे जन्मभर चावडीची वाट टाळून लांबून जायचे, एवढंच माहीत.

"आपल्या लोकाला दुसऱ्यांदा कोनी सांगत न्हाई, माय," वडील म्हणाले. "उद्या जाऊन माफी माग."

सकाळी बसमध्ये बोरीच्या उर्दू शाळेतले एक सर शेजारी बसले. आमचा रोजचाच प्रवास. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं.

"तंबी आमच्याकडून तुमच्याकडं आलेला लफ्ज हाय," ते म्हणाले. "अरबीत तंबीह. असल मतलब, जागं करणं. झोपलेल्याला उठवायचं, सावध करायचं. नंतर त्याचा धाक झाला."

"मग ज्यांना जाग आली त्यांनाच का दिली?"

"ते अरबीला नका विचारू, मॅडम. तुमच्या सरला विचारा."

मी विचारलं नाही. माफीही मागितली नाही, पण ते धाडस नव्हतं. मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सापडेना. त्यांनी मान वर न करता हातानेच वर्गाकडे जायला सांगितलं.

त्यानंतर मी वर्गात सारखी जमीन ऐकत असायचे. बाक सरकला तरी दाराकडे बघायचे.

दिवाळीनंतर पुन्हा गडगड आली. या वेळी मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले. नोकरी गेली तर घरी काय सांगू, हेच आधी मनात आलं. पोरं उठून उभी होती, पण एकही जागचं हललं नाही. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मागच्या बाकावरचा एकजण रडायला लागला.

"चला," मी म्हणाले. "रांगेनं."

मैदानात आलो तर मुख्याध्यापक आधीच तिथे होते, अनवाणी. त्यांची माझी नजरानजर झाली.

मी पुढे कायम झाले. तो कागद मात्र माझ्या फाईलला लागलेलाच आहे. वडील अजून विचारतात, "काढला का त्यांनी?" मी न्हाई म्हणते.