गोदावरीचा डबा, झिऱ्याचं पाणी

मनमाडला गाडी बदलून नांदेडला उतरले, तेव्हा सकाळीच उन्हानं डोळे उघडवत नव्हते. हातात दोन रिकामे डबे, पाच-पाच लिटरचे. कपडे धुण्याची पावडर पाण्यात कुजते की नाही, हे तपासणं हे पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतलं माझं काम. त्याला नदीचं जिवंत पाणी लागतं, कारण साबण खाऊन संपवतात ते पाण्यातले जंतू. लोक नांदेडहून प्रसाद नेतात, मी गढूळ पाणी नेते.

दुष्काळानं गोदावरी पार खंगली होती, तरी घाटाखाली कमरेइतकं पाणी होतं. एक डबा भरला. झाकण जरा सैल ठेवलं, जंतूंनाही हवा लागते. मग भाकरी, ठेचा खाऊन लातूरची एस.टी. पकडली. शेजारच्या म्हाताऱ्यानं डब्याकडे बघून घोटभर पाणी मागितलं. हे पिण्याचं नाही आजोबा, म्हटलं.

"पानी हाय, अन् पिन्याचं न्हाई म्हनता?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मी डब्यावर शाल टाकली. पुढचा सगळा रस्ता मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

लातूरला थांबण्याचं कारण प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांनी कलेक्टर कचेरीत द्यायला दिलेला एक लखोटा. जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेरीच्या पाट्यांना अजून रंगाचा वास येत होता. कारकून मोठा हौशी माणूस. पूर्वी कागदा-कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागायचे, आता कलेक्टरसाहेब आपल्या गावात आले, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कलेक्टर आले, पाणी कधी येणार, असं मी विचारलं, तर हसले आणि लखोटा लावायला एक फाईल काढली.

तिच्यात औशाच्या पुढे, निलंग्याच्या वाटेवरच्या एका वस्तीचा अर्ज होता. पावडरच्या कारखान्याचं धुवण वस्तीजवळच्या नाल्यात येतं, तेच पाणी प्यावं लागतं, आम्हाला टँकर द्या. त्यावर शेरा होता: साबण पंधरा दिवसांत कुजतो, सबब पाणी वापरण्याजोगे, टँकरची आवश्यकता नाही. खाली आमचा अहवाल जोडलेला.

"तुमचाच कागद हाय की बाई," कारकून म्हणाले.

सही माझीच होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, मी बरणीभर गोदावरीच्या पाण्यात चिमूटभर पावडर टाकली होती! ते पाणी माणसांना पाजा, असं त्यात कुठे लिहिलं होतं? पण हे ओरडायचं कुणावर? कागद माझा.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी सोडून मी औशाला गेले. स्टँडवर सुशीला (भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे) खाताना डब्याला पाय लागला आणि अर्धी गोदावरी फरशीवर. दोन बायका मला असं बोलल्या की बस्स.

वस्तीपाशी उतरले. नाला म्हणजे नुसते धोंडे. त्यातून एकच ओली रेघ जात होती, ती कारखान्याची, काठाला पांढरा फेस धरलेली. तिच्याशेजारीच झिरा (कोरड्या पात्रात पाण्यासाठी खणलेला खड्डा) होता. गावातल्या विहिरीत टँकर रिकामा होतो. वस्तीच्या वाट्याला झिरा, माझ्या अहवालाच्या कृपेनं.

कोंडाबाईंच्या दारात गेले. अर्जावर पहिला अंगठा त्यांचा. जयभीम घालून बसवलं. पाणी तपासायला आले आहे, थोडं द्याल का, असं मी विचारलं. बराच वेळ आत खुडबुड चालली होती. मग लखलखीत तांब्या आला. पाणी तीन पदरी धोतरातून गाळलेलं, वर तुरटी फिरवून निवळलेलं, आरशासारखं.

माझा जीव कळवळला. तपासायला हवे होते ते जंतू सगळे गाळात गेले होते. घाईघाईनं म्हणून गेले, हे नको मला.

कोंडाबाईंचा हात तसाच थांबला.

"आमच्या हातचं चालत न्हाई का?" त्यांनी हळूच विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या घेतला आणि तिथेच अर्धा प्यायले. घशातून तुरट, साबणाची चव उतरली, ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. ही चव ही बाई रोज पिते. मग मला काय हवंय ते नीट सांगितलं.

"म्हंजी आमी जे गाळून टाकतो, तेच तुमाला पायजे," असं म्हणून त्या हसल्या आणि स्वतः झिऱ्यात उतरून माझा डबा भरून दिला. तांब्यातलं उरलेलं पाणीही मी बाटलीत मागून घेतलं.

पुण्यात पंधरा दिवस बरण्या हलवल्या. आमच्या औषधानं साबणाचा रंग निळा दिसतो, साबण कुजला की फिका होतो. चिमूटभर पावडर घातलेली गोदावरीची बरणी फिकी झाली. झिऱ्याची पहिल्या दिवशी होती तशीच गडद. एवढ्या साबणात जंतूच मेलेले, खाणार कोण? आणि कोंडाबाईंच्या निवळलेल्या पाण्याचा थेंबही तितकाच निळा. सगळा गाळ गेला होता, साबण तेवढा राहिला होता.

साहेब म्हणाले, चाचणी नदीच्याच पाण्यात करायची असते, खड्ड्याच्या पाण्याचा निकाल आपल्या कागदावर जाणार नाही. मी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, जुना कागद खरा असेल, तर घ्या.

त्यांनी पेला एका बोटानं बाजूला सारला.

"नको मला," ते म्हणाले.

हेच शब्द मीही बोलले होते. मी म्हटलं, मग तेवढंच लिहू या. जुन्या अहवालाखाली मी दोन ओळी लिहिल्या: ही चाचणी नदीच्या पाण्यात केली आहे. अर्जदारांच्या वस्तीला नदी नाही, आणि तिथलं पाणी पिण्याजोगं नाही. साहेबांनी एकदा पेल्याकडे बघितलं आणि सही केली. कागद टपालानं पाठवायची माझी छाती झाली नाही. उद्याच्या गाडीनं मी तो लातूरला स्वतः घेऊन जाते आहे, आणि तिथून पुढे वस्तीवर. या खेपेला डबे पिण्याच्या पाण्यानं भरून नेणार आहे.